ओढ आणि गळती

सांगलीला माझे मामा बाजाच्या पेट्या दुरुस्त करीत असत. भात्यातली गळती शोधण्याची त्यांची पद्धत अगदी साधी होती. भाता भरून घ्यायचा, उदबत्ती पेटवायची आणि ती शिवणीच्या कडेकडेने सावकाश फिरवायची. जिथे धूर एकदम दचकल्यासारखा बाजूला होईल तिथे भोक आहे असे समजायचे. अनेक वर्षांनी, अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळच्या माझ्या घराच्या तळघरात, एका शंभर वर्षे जुन्या प्लेअर पियानोसमोर, म्हणजे कागदाच्या गुंडाळीवरून हवेच्या जोरावर वाजणाऱ्या पियानोसमोर, बसून मी तीच उदबत्ती त्याच पद्धतीने फिरवीत होतो आणि माझी मुलगी पियानोच्या पायट्यांवर पाय मारीत होती. धूर बाजूला झालाच नाही. तो एका बारीक दोऱ्यासारखा लांबला आणि लाकडाच्या दोन फळ्यांमधल्या, मला तोवर दिसलेल्याही नसलेल्या फटीत शिरून नाहीसा झाला. पेटी हवा ढकलते आणि हे यंत्र हवा ओढते, ही गोष्ट मी वाचून जाणत होतो. पण इतकी वर्षे पेटीजवळ वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ती पटली ती त्या संध्याकाळी.

हा पियानो मला फुकट मिळाला. त्यात नवल काही नाही, कारण आज या भागात असे पियानो कोणालाही नको असतात. घर विकायला काढले की ते ‘उचलून नेणाऱ्यास मोफत’ या अटीवर दिले जातात, आणि ते उचलणे हीच खरी किंमत असते. साधा उभा पियानोच मुळात जड असतो, त्यात ही सगळी हवेची यंत्रणा भरली की वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे जाते. चार माणसांनी तो तळघरात उतरवला. क्रमांकावरून पाहता तो १९२१ सालचा निघाला. वरचे सरकते दार उघडल्यावर आत पितळेची एक आडवी पट्टी दिसली, तिच्यावर एका ओळीत बारीक चौकोनी छिद्रे, आणि मागे धुळीने माखलेल्या शंभरेक रबरी नळ्या. त्यांतली एक मी सहज वाकवायला गेलो तर ती वाळक्या काटकीसारखी मोडून हातात आली.

या यंत्राबद्दलचा मोठा गैरसमज त्याच्या नावातच आहे. ‘आपोआप वाजणारा पियानो’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते कोणी शिवत नसताना खालीवर होणाऱ्या पट्ट्यांचे भुताटकीचे चित्र. प्रत्यक्षात पायाने चालणारा प्लेअर पियानो आपोआप काहीच करीत नाही. कोणते स्वर कधी वाजायचे ते कागदाच्या गुंडाळीवरची, म्हणजे रोलवरची, भोके सांगतात. पण ते किती जोरात, किती हळुवार, कुठे रेंगाळून आणि कुठे घाईने वाजायचे हे बसलेल्या माणसाचे पाय आणि समोरच्या दोनचार दांड्यांवरचे त्याचे हात ठरवतात. एडविन व्होटी या गृहस्थाने १८९५ साली डेट्रॉइटमध्ये आपले असे पहिले यंत्र बनवले तेव्हा ते पियानोच्या आत नव्हतेच. ते एक वेगळे कपाट होते. ते पियानोसमोर सरकवून ठेवायचे आणि त्याची जाड लोकरी कापड लावलेली लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबायची. न्यू यॉर्कच्या इओलियन कंपनीने ते ‘पियानोला’ या नावाने विकायला काढले आणि ते नाव इतके रुळले की, आपल्याकडे कोणतेही वनस्पती तूप जसे डालडा झाले, तसा कोणत्याही कंपनीचा असला पियानो हा पियानोलाच झाला. पुढे यंत्रणा पियानोच्या पोटात गेली. सुरुवातीला प्रत्येक कारखानदाराच्या कागदाची मापे निराळी होती. तो गोंधळ १९०८ साली, इथे बफेलोमध्येच भरलेल्या कारखानदारांच्या परिषदेत मिटला. सव्वाअकरा इंच रुंदीचा कागद आणि एका इंचात नऊ छिद्रे हे माप तेव्हा ठरले, आणि म्हणून १९१२ सालचा रोल आज माझ्या पियानोवर बिनतक्रार बसतो. १९२३ साली अमेरिकेत जितके पियानो तयार झाले त्यांतले निम्म्याहून अधिक प्लेअर पियानो होते. मग रेडिओ आला, १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या आल्या, १९२९ ची मंदी आली, आणि दहा वर्षांच्या आत हा सगळा धंदा बसला.

मला मात्र या इतिहासातला एक वेगळाच धागा अधिक जवळचा वाटतो. इओलियन कंपनीचा उगम पियानोत नाही. तिच्या मुळाशी कागदी रोलवर वाजणारे छोटे ऑर्गन बनवण्याचा उद्योग होता, आणि अमेरिकेत बनणारे घरगुती ऑर्गन हवा ओढून घेऊन वाजत. आपल्या संगीत नाटकांत बालगंधर्वांच्या काळापासून साथीला जो पायाने चालवायचा ऑर्गन असे, तो याच ओढीच्या जातीचा. त्याचा आवाज पेटीपेक्षा गोल आणि भरीव लागतो याचे एक कारण, हवा सुरांच्या धातूच्या पात्यांतून बाहेर फेकली न जाता आत खेचली जाते, हे मामा सांगत. त्यांच्याकडे असा एक ऑर्गन वर्षानुवर्षे उघडा पडून होता. ‘पेटीची गळती ऐकू येते रे, ऑर्गनची गळती येत नाही, ती नुसती ताकद खाते,’ असे ते त्याच्याकडे बघून म्हणायचे. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. प्लेअर पियानोच्या बाबतीत ते वाक्य अठ्ठ्याऐंशी वेळा खरे असते.

अठ्ठ्याऐंशी, कारण पियानोच्या प्रत्येक स्वरासाठी आत एक स्वतंत्र छोटा भाता असतो. पायट्यांनी खालचे मोठे भाते हलतात आणि यंत्रणेच्या लाकडी पेटाऱ्यातली हवा उपसून बाहेर टाकतात. मध्ये स्प्रिंगेने उघडा राहू पाहणारा एक राखीव भाता असतो, तो पायांच्या धक्क्यांमधली दरी भरून काढतो. पेटाऱ्यात अशी हवेची ओढ तयार झाली की कामाला सुरुवात होते. पितळी पट्टीतल्या प्रत्येक छिद्रापासून एक नळी निघते आणि कातड्याच्या एका गोल, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या चकतीखाली जाऊन संपते. कागद छिद्रावर आहे तोवर चकतीच्या वर आणि खाली सारखीच ओढ असल्यामुळे ती स्वस्थ पडून राहते. कागदातले भोक पट्टीवरच्या छिद्रासमोर आले की बाहेरची हवा नळीतून धावत चकतीखाली येते, चकती फुगून वर उठते आणि आपल्या डोक्यावरची झडप उचलते. झडप उचलली गेली की त्या स्वराच्या छोट्या भात्याचा बाहेरच्या हवेशी असलेला संबंध तुटतो आणि पेटाऱ्याशी जुळतो. भाता पटकन मिटतो, त्याला जोडलेले बोट पियानोच्या यंत्रणेला धक्का देते आणि हातोडी तारेवर पडते. हे सगळे वाचायला जितका वेळ लागला तेवढ्यात असे शेकडो स्वर वाजून जातात.

आता भोक पुढे सरकून कागदाने छिद्र पुन्हा झाकले, तर चकतीखाली शिरलेल्या हवेचे काय होणार? तिला जायला वाट नसेल तर चकती फुगलेलीच राहील आणि स्वर दाबून धरल्यासारखा अडकून पडेल. म्हणून प्रत्येक चकतीखालच्या जागेपासून पेटाऱ्याकडे एक सुईच्या अग्राएवढे, एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्याला ब्लीड म्हणतात. उरलेली हवा त्यातून झिरपून जाते, चकती खाली बसते आणि स्वर पुढच्या वेळेसाठी मोकळा होतो. ज्या यंत्रात एकेक फट बुजवण्यात आपण महिने घालवतो, त्याच यंत्रात अठ्ठ्याऐंशी गळत्या हेतुपूर्वक ठेवलेल्या आहेत आणि त्या बुजल्या तर ते चालत नाही. ब्लीड धुळीने चोंदले तर तोच स्वर लागोपाठ वाजवताना यंत्र अडखळते. ते प्रमाणापेक्षा मोठे झाले तर चकतीला उठायला जोर पुरत नाही. माझ्या आधी कोणीतरी या पियानोला हात लावला होता आणि त्या कोणाला ही गोष्ट ठाऊक नसावी, कारण वरच्या सप्तकातली सात-आठ ब्लीडे त्याने ‘गळती’ समजून मेणाने बंद केलेली मला सापडली. मी चिडलो खरा, पण मलाही सहा महिन्यांपूर्वी विचारले असते तर मी तेच केले असते.

त्या अनामिक दुरुस्तीवाल्याचा दुसरा गुन्हा मात्र माफ करण्यासारखा नव्हता: त्याने वीसेक भाते पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते. कारखान्यात हे सारे काम सरसाने होत असे. जनावरांची हाडे-कातडी उकळून केलेला हा सरस मामांच्या दुकानात कायम एका डब्यात गरम पाण्यावर ठेवलेला असायचा, आणि त्याचा तो वास इथल्या तळघरात परत भरला तेव्हा माझ्या पत्नीने खिडक्या उघडल्या व मी जुन्या आठवणींत रमलो. सरस रात्रभर भिजवायचा, साठेक अंश सेल्सिअसवर वितळवायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याचा दम जातो. त्याचा मोठा गुण असा की तो दगडासारखा घट्ट बसतो आणि तरीही उष्णता आणि ओल दिली की जागा सोडतो. कापड आणि कातडे काही दशकांत मरणार, ते बदलावे लागणार आणि त्यासाठी भाता फळीवरून काढावा लागणार, हे १९२१ सालच्या कारागिराने गृहीत धरले होते. त्याच्या सरसाने लावलेले भाते पातळ सुरी आणि थोडी वाफ एवढ्यावर अलगद सुटले. पांढऱ्या गोंदाने लावलेल्या प्रत्येक भात्याबरोबर लाकडाचा एकेक पापुद्रा निघाला, आणि ते खळगे भरून पुन्हा सपाट करण्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले.

एक छोटा भाता म्हणजे पातळ लाकडाच्या दोन फळ्या, एका टोकाला कापडाची बिजागरी आणि उरलेल्या तीन बाजूंना गुंडाळलेले रबराचा थर दिलेले अतिशय पातळ सुती कापड. जुने कापड हाताने खरवडून काढायचे, कडा काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून सपाट करायच्या, आणि मग गरम सरस लावून कापडाची पट्टी एका झटक्यात फिरवायची, कारण सरस थंड होऊन धरायला मिनिटभरही घेत नाही. घडी मधोमध आणि आतल्या बाजूला पडली पाहिजे. काम अवघड नाही, ते अठ्ठ्याऐंशी वेळा करायचे असते एवढेच. पहिले दहा मी दोन रात्रींत केले आणि ते सगळे पुन्हा करावे लागले. पन्नाशीच्या पुढे गेल्यावर मात्र हात असा बसला की मी त्याच वेळी रेडिओवर बातम्या ऐकू लागलो. सुटे करण्याआधी प्रत्येक भात्यावर पेन्सिलने क्रमांक घालायला गेलो तर क्रमांक तिथे आधीच होते, कारखान्यातल्या कोणाच्या तरी तिरप्या, घाईच्या अक्षरात. इंग्रजी 4 हा आकडा तो माणूस वरून उघडा काढीत असे. बरेच दिवस मी त्या 4 कडे पाहत काम केले.

चकत्यांनी मला खरा धडा दिला. त्यासाठी फार पातळ, मऊ कातडे लागते आणि त्यातून हवा आरपार जाऊ नये म्हणून त्यावर रबराच्या पातळ द्रावाचा हलका हात फिरवतात. मी महाराष्ट्रात वाढलेला माणूस. कातडे गोल चौकटीवर चढवायचे म्हटल्यावर माझ्या हातांनी काय करावे? त्यांनी ते तबल्याच्या पुडीसारखे ताणले. पहिल्या बारा चकत्या अशा ताणून बसवल्या, दिसायला देखण्या झाल्या, आणि त्यांपैकी एकही धड वाजेना. चकती ताणलेली असेल तर उठण्याआधी तिचा सगळा जोर स्वतःशीच झुंजण्यात जातो. ती सैल, किंचित खोलगट असावी लागते, फुंकरीने उचलली जाईल आणि फुंकर सरली की आपल्याच वजनाने पडेल इतकी. मी त्या बाराही चकत्या ओलवून काढल्या आणि एका गुळगुळीत लाकडी ठोकळ्याने दाबून खोलगट करून परत बसवल्या. त्यांची परीक्षा तोंडानेच घ्यायची: नळी ओठांत धरून हलकेच हवा ओढायची, जीभ लावून नळी बंद करायची आणि चकती किती वेळ धरून राहते ते पाहायचे. अशा वेळी माणूस फार हास्यास्पद दिसतो हे घरच्यांनी मला फोटो काढून दाखवले आहे.

वरच्या झडपांचे काम त्याहून काटेकोर होते. झडपेने वरखाली किती हलावे? मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याहून कमी हलली तर भात्यातली हवा वेळेत निघत नाही आणि स्वर दुबळा पडतो. जास्त हलली तर बसायला उशीर लागतो आणि त्या मधल्या क्षणात दोन्ही तोंडे उघडी राहून ओढ वाया जाते. मामा म्हणायचे ती ताकद खाणारी गळती ती हीच. आणि ही ताकद मुळात फारशी नसतेच. प्लेअर पियानोवाले ओढ पाण्याच्या इंचांत मोजतात, म्हणजे नळीतले पाणी ती किती इंच वर खेचते त्यावरून. हळुवार वाजवताना ती जेमतेम पाच-दहा इंच असते. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब याच मापाने सुमारे ४०७ इंच भरतो, तेव्हा पियानोच्या तारेवर हातोडी आपटवणारे हे सारे तंत्र हवेच्या दाबातल्या सव्वा ते अडीच टक्क्यांच्या फरकावर चालते. माणूस स्ट्रॉने सरबत पितो तेव्हाही यापेक्षा फार कमी जोर लावीत नाही.

नळ्या बदलणे हे कंटाळवाणे काम होते, त्याबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की मी दोन नळ्यांची अदलाबदल केली आणि त्या दोन स्वरांचा गोंधळ शोधायला मला आठवडा लागला. कागद ओढणाऱ्या हवेच्या मोटरीने मात्र मला चकित केले. पाच छोटे भाते, त्यांच्यावर घसरणाऱ्या लाकडी झडपा, एक वाकडातिकडा दांडा, आणि त्यातून फिरणारी गुंडाळी. वाफेच्या इंजिनाचा लहान भाऊच म्हणा. पायांची ओढ पाच इंच असो की तीस, हिचा वेग बदलता कामा नये, नाहीतर जोरात वाजवायला गेले की लय पळेल. ते सांभाळायला वेगळा एक स्प्रिंगवाला नियंत्रक असतो. त्याची परीक्षा ठरलेली आहे: वेगाचा काटा ७० वर ठेवला तर एका मिनिटात सात फूट कागद सरकला पाहिजे. मी कागदावर पेन्सिलने खुणा केल्या आणि घड्याळ घेऊन बसलो. पहिल्यांदा सव्वासहा फूट भरले. स्प्रिंग अर्धा आटा आवळली, सात झाले. जोरात पाय मारले, तरी सातच राहिले. या प्रकल्पात मला सर्वांत अधिक आनंद कशाने झाला असेल तर त्या सात फुटांनी, पहिल्या सुरांनी नव्हे.

कारण पहिले सूर वाईटच होते. यंत्रणा बिनचूक चालत होती आणि संगीत मेलेले होते. मी पायट्यांवर एकसारखे, इमानदारीने पाय मारीत होतो आणि पियानो टंकलेखन यंत्रासारखा बडबडत होता. त्या वर्षी आई इथे आली होती. तिने सहा दशके शिवणयंत्र चालवलेले. ती पायट्यांवर बसली आणि तिची लय माझ्याहूनही एकसारखी पडली, तेव्हा दोष कशात आहे ते मला बाजूला उभे राहून ऐकू आले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘अरे, हे तर पायाला सांगतंय की, कुठं जड येतंय ते.’ खरेच सांगत होते. मोठा स्वरसमूह एकदम वाजला की ओढ खर्ची पडते आणि पायटा पायाखाली अचानक हलका होऊन बुडतो. स्वर विरळ झाले की तो पुन्हा टणक होतो. तो बुडण्याच्या किंचित आधी पाय नेटाने दाबला तर तो समूह उसळून उठतो, आणि सबंध ओळ हळुवार ठेवायची तर पाय जवळजवळ थांबवून राखीव भात्यातल्या शिल्लक ओढीवर ती निभावून न्यावी लागते. आईने समेची जागा पकडून एकदा असा ठोसा दिला आणि मग स्वतःच दचकून पाय काढून घेतला. या कामासाठी मी जे काही कापड, कातडे, सरस, रबर यांत गुंतवले होते, ते त्या ठोशाला मधे कुठेही न सांडता हातोडीपर्यंत पोहोचवण्यासाठी होते. गळक्या यंत्रणेत पायाने दिलेला ठोसा वाटेतच विरतो, आणि म्हणूनच न दुरुस्त केलेले जुने प्लेअर पियानो, जरी वाजत असले तरी, सगळे एकसारखे रुक्ष वाजतात. या वाद्याची बदनामी झाली आहे ती बरीचशी त्यांच्यामुळे.

याच काळात श्रीमंत घरांतून आणखी एक जात नांदत होती. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात वेल्टे यांच्या कंपनीने १९०४ च्या सुमारास असे यंत्र काढले की त्यात पायांचे कामही कागदावरच्या जादा भोकांकडे दिलेले होते, आणि वादकाने जोर कुठे दिला तेही रोलच सांगे. १९०५ साली गुस्ताव्ह मालर या संगीतकाराने त्यांच्यासाठी वाजवलेले रोल अजून आहेत. ते मोठे काम आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तसला पियानो समोर आला तर मी त्याच्यापुढे खुर्ची टाकून ऐकत बसेन, आणि माझ्या या सामान्य, बिनविजेच्या खोक्यासमोर मला पाय घालून बसता येते.

जानेवारीत इथे बाहेर बर्फ आणि आत तापवलेली कोरडी हवा असते. लाकूड आकसते, पेटाऱ्याचे स्क्रू आपोआप ढिले होतात आणि एखाद्या संध्याकाळी मधल्या सप्तकातला एक स्वर, कागदात भोक नसताना, स्वतःहून वाजू लागतो. पहिल्या वर्षी मी घाबरून अर्धी यंत्रणा उघडली होती. आता उदबत्ती लावतो, ती मधल्या फळीच्या उजव्या टोकाकडे नेतो, धुराचा दोरा आत वळला की मामांच्या मूठ झिजलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने तिथला स्क्रू पाव आटा फिरवतो. जास्त आवळला तर शंभर वर्षांचे लाकूड आटे सोडून देते. धूर सरळ वर जायला लागला की थांबतो.